शिवेचा तंटा व गांवचा न्याय

ज्या ठिकाणाहून आम्ही हे चार शब्द लिहीत आहों त्याचें नांवच शीव. मुंबई बेटाची हद्द येथें संपून पलीकडे साष्टी लागत असे, म्हणून हें नांव पडलें असें जाणते सांगतात. इंग्रजांनीं सतराव्या शतकांत टेकडीवर बांधलेला किल्ला त्या हद्दीची साक्ष देत अजून उभा आहे. शेतकऱ्यास शीव म्हणजे काय हें सांगावयास नको. शीव म्हटली कीं धोंडा आला, धोंडा आला कीं बांध आला, बांध आला कीं तो कोरणें आलें, आणि कोरणें आलें कीं भाऊबंदकी आली. राज्य कोणाचेंहि असो, हा तंटा चुकत नाहीं. परंतु एकाच मुलखांत जेव्हां दोन राज्यें उभीं राहतात, दिवस एकाचा आणि रात्र दुसऱ्याची असा प्रकार होतो, तेव्हां गरिबाच्या बांधाचा निवाडा कोणी करावयाचा? यादवीच्या काळांत बंदुकीची गोष्ट सारे सांगतात. बांधाची गोष्ट कोणी सांगत नाहीं. आज आम्ही तीच सांगणार आहों. कारण यादवी सरली तरी बांधाचा प्रश्न सरलेला नाहीं.

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण कोणा पंडितानें केलेली नाहीं. बैलजोडी विकून तालुक्याच्या गांवीं हेलपाटे घातलेल्या कुणब्याच्या तोंडून ती निघाली आहे. इंग्रजी अमलांत जमिनीची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, आणि शेत ही कर्जापायीं जप्त होणारी वस्तु झाली. सावकाराच्या वहींत आंकडा, कुळकर्ण्याच्या दप्तरांत नोंद, वकिलाच्या जिभेवर कायदा. आणि शेतकऱ्याच्या हातीं काय? नुसता आंगठा! १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी उठले, आणि तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरला. त्या लोकांचा रोख सावकाराच्या मानेवर फारसा नव्हता, त्याच्या रोख्यांवर होता. कागद बाहेर काढ, आम्ही जाळतों, हीच त्यांची मागणी. आपला गळा कशानें आवळला आहे हें त्या निरक्षर माणसांनीं बरोबर ओळखलें होतें.

त्यानंतर सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जांतून सोडविण्यासाठीं कायदा केला. कोर्टानें रोख्याच्या आंत शिरून मूळ मुद्दल किती व व्याज किती हें पाहावें, असें त्यांत होतें. गांवमुनसफ व सलोखा करणारे पंच नेमण्याचीहि तजवीज होती. म्हणजे गांवचा तंटा गांवांतच मिटावा ही कांहीं बंडखोरांचीच कल्पना नव्हे. ती खुद्द सरकारासहि पटली होती. परंतु पंच नेमणार सरकार, आणि लिहिणारे हात तेच जुने! सरकारी कचेऱ्यांत शेतकरी कसा नाडला जातो हें जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत लिहून ठेवलें तें या कायद्यानंतर चार वर्षांनीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां साताऱ्याकडे येऊं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख तेव्हां सातारा जिल्ह्यांतच होता. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत तेथील शेतकरी तालुका कचेऱ्यांवर मोर्चे घेऊन गेले. ९ सप्टेंबर रोजीं वडूज येथें गोळीबार झाला आणि नऊ माणसें ठार झालीं. दुसऱ्या दिवशीं इस्लामपुरासहि रक्त सांडलें. कार्यकर्ते भूमिगत झाले. सरकारी सत्ता गांवांतून उखडली जात होती, परंतु तिच्या जागीं दुसरें कांहीं उभें राहिलें नव्हतें. अशा वेळीं दरोडेखोर व गुंड यांचें फावतें. ज्याच्या अंगांत बळ तो शेजाऱ्याचें पीक कापून नेतो. पोलिसाकडे जावें तर तो भूमिगतांचा पत्ता विचारतो. न जावें तर घर बुडतें. या पेंचांतून १९४३ सालीं जें निघालें तें प्रति सरकार. क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, नाथाजी लाड, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी अशीं त्यांतलीं माणसें आमच्या घरोघरच्या परिचयाचीं आहेत. त्यांतले बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे. नाना पाटलांवर सत्यशोधकी विचारांचा संस्कार होता, आणि सातारा जिल्ह्यांतील कुळांनीं १९१९ ते १९२१ या वर्षांत सावकार-जमीनदारांविरुद्ध केलेली उठावणी लोक विसरले नव्हते. भुई अगोदरच नांगरलेली होती.

प्रति सरकारच्या गाड्या लुटण्याच्या व खजिने पळविण्याच्या गोष्टी पुष्कळांनीं रंगवून सांगितल्या आहेत. आमच्या मतें त्याचें मोठें काम त्याच्या न्यायदान मंडळांनीं केलें. गांवकऱ्यांच्या विश्वासांतले पंच बसत. वादी-प्रतिवादी समोरासमोर उभे राहत. बांध कोणी कोरला, पाट कोणी अडविला, गहाण शेत पैसे फिटूनहि कोणी दाबून ठेवलें, टाकलेल्या बायकोस पोटगी कोण देत नाहीं, असल्या तक्रारी तेथें येत. सावकारानें गिळलेल्या जमिनी परत करविण्यांत आल्या. दारूबंदी झाली. कर्ज काढून होणाऱ्या लग्नांच्या जागीं थोड्या खर्चांत उरकणारे ‘गांधी-विवाह’ लागले. ही शेवटची गोष्ट न्यायाच्या बाहेरची आहे असें कोणी समजूं नये. लग्नाच्या कर्जांतूनच गहाणखत जन्मास येतें. ज्या राज्यानें लग्नाचा खर्च तोडला त्यानें उद्यांचा जमिनीचा दावा आजच तोडला.

गांवचा न्याय चालला कां? त्याचें कारण सोपें आहे. बांधाचा खटला तालुक्यास गेला कीं साक्षीदार पढविलेला असतो. गांवांत उभा केला कीं त्याच्या डोळ्यांस डोळा देणारे शंभर लोक असतात. बाभळीच्या कोणत्या बाजूनें पूर्वी औत फिरत असे हें गांवांतील म्हाताऱ्यास व गुराख्यास ठाऊक असतें. न्यायाधीशास तें कागदांवरून काढावें लागतें, आणि कागद तर ज्याच्या खिशांत पैसा त्याच्या बाजूचा! शिवाय दोघांसहि उद्यां त्याच विहिरीवर पाणी भरावयाचें असतें. त्यामुळें कोण जिंकला याहून दोघे पुन्हां बोलूं लागले कीं नाहीं, हें गांवच्या पंचास पाहावें लागतें. कोर्टास त्याचें सोयरसुतक नाहीं.

दोन सरकारें झगडत असतां असा न्याय केवळ साताऱ्यांतच उपजला असें नव्हे. आयर्लंडच्या शेतकऱ्यांनीं हेंच केलें होतें. १९२० सालीं त्या देशाच्या पश्चिम भागांत भूमिहीन शेतकरी मोठ्या जमीनदारांचीं कुरणें बळजबरीनें ताब्यांत घेऊं लागले. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश पक्षापुढें पेंच पडला: आपल्याच लोकांस आवरावें कसें? त्यांनीं लवादाचीं कोर्टें काढलीं. मे महिन्यांत मेयो परगण्यांतील बॅलिनरोब येथें असें कोर्ट बसलें, आणि त्यानें जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या विरुद्ध निकाल दिला. त्यांनीं तो मानला नाहीं, तेव्हां स्वयंसेवकांनीं त्यांस धरून एका बेटावर कोंडून ठेवलें. आपल्याच माणसांविरुद्ध निकाल देऊन तो अमलांत आणणारें कोर्ट, हा लौकिक झाला आणि लोक इंग्रजी कोर्टें सोडून तिकडे वळले. पुढें १९२२ सालीं त्या देशांत खरीखुरी यादवी पेटली, भाऊ भावावर उठला, आणि त्या धामधुमींत नव्या सरकारनें हीं कोर्टें बंद केलीं. परंतु त्याच सरकारनें १९२३ सालीं खास कायदा करून त्यांचे अपुरे खटले मार्गीं लावण्याची व दिलेले हुकूमनामे नोंदवून घेण्याची सोय केली. रानांत बसून दिलेल्या निवाड्यास कायद्याच्या दप्तरांत जागा मिळाली!

आमच्याकडे हें झालें नाहीं. १९४६ सालीं प्रांतांत पुन्हां लोकांचें मंत्रिमंडळ आलें, भूमिगत मंडळी उघड झाली, हारतुरे झाले. न्यायदान मंडळांच्या निवाड्यांचें काय झालें हें कोणी विचारलें नाहीं. पंचांनीं शेत परत दिलें, कुणब्यानें औत घातलें. पण सरकारी उताऱ्यावरील नांव पंचांच्या तोंडच्या शब्दानें बदलत नसतें. ज्याचें नांव कागदावर त्यास पुन्हां दावा लावण्यास वाट मोकळी राहिली. १९४८ सालीं कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारा कूळ मालक मानला गेला, ही मोठी गोष्ट झाली, यांत संशय नाहीं. परंतु ज्याच्या कुळपणाची नोंदच झाली नव्हती त्यास या कायद्याचा हात धरतां आला नाहीं. १८७५ सालीं ज्या कागदास शेतकऱ्यानें आग लावली, त्याच कागदाशीं ८२ वर्षांनीं त्याची गांठ पडली.

येथें गांवच्या न्यायाचे दोषहि बोलून दाखविले पाहिजेत. आपल्या लोकांचे दोष झांकणें हा आमचा धर्म नव्हे. ‘प्रति’ सरकारचें लोकांनीं ‘पत्री’ सरकार केलें, आणि पायांस पत्रे ठोकल्याच्या कथा पसरल्या. पत्र्यांची गोष्ट बाजूस ठेविली तरी तळव्यांवर काठीचे फटके बसत, ही गोष्ट खरी. गुंडाच्या तळव्यांवर काठी बसली तेव्हां गांव खूष झालें. पण उद्यां ती काठी चुकीच्या तळव्यांवर बसली तर अपील कोणाकडे करावयाचें? पंच व काठी एकाच्याच हातीं असली म्हणजे न्यायाचें आयुष्य पंचाच्या नीतीइतकेंच. १९४८ सालीं गांधीजींच्या खुनानंतर याच सातारा-सांगली-कोल्हापूर भागांत ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. भटशाहीशीं भांडणें वेगळें आणि शेजाऱ्याचें घर पेटविणें वेगळें, हें आम्ही स्पष्ट सांगतों. पंच बसतात तेथें दोन्ही बाजूंस तोंड असतें. जमाव येतो तेथें एकच तोंड असतें, आणि तें ऐकत नाहीं.

दुसरा दोष याहून जुना आहे. ज्यास आपण गांवचा न्याय म्हणतों तो पुष्कळ ठिकाणीं पाटलाचा न्याय असतो. चावडीवर बसणारे कोण? जमीनवाले. खालीं उभे राहणारे कोण? महार, मांग, परीट, न्हावी, आणि नवरा मेलेली बाई. विधवेनें दिराविरुद्ध वांटा मागितला तर पंचांतले चार जण दिराचे भाऊबंद निघतात. महारकीचीं वतनें १९५८ च्या कायद्यानें गेलीं, परंतु त्या जमिनींवर डोळा ठेवणारे गेले नाहींत. मुलीस बापाच्या वडिलार्जित जमिनींत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व साऱ्या देशानें २००५ सालीं दिला; आजहि गांवचे शहाणे तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात आणि त्यास सलोखा म्हणतात! जातपंचायतींनीं तर न्यायाच्या नांवाखालीं वाळींत टाकण्याचा धंदाच केला, म्हणून सरकारास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. अफगाणिस्तानांत २०२१ पूर्वीं तालिबान्यांनीं खेड्यांत कोर्टें चालविलीं. जमिनीचे तंटे तेथें झटपट निकालांत निघत, म्हणून सरकारी कोर्टांच्या लांचखोरीस विटलेले शेतकरी तिकडे गेले. त्याच राज्यांत बाईच्या शब्दास काय किंमत राहिली हें जग पाहत आहे. निकाल लवकर लागला म्हणजे न्याय झाला असें नव्हे.

मग गांवच्या जवळीकीस कायद्याचें बळ देतां येतें कीं नाहीं? येतें. त्याचा दाखला साताऱ्याच्या कुशींतच आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं आपली सत्ता लोकांच्या हवालीं करणारी घटना दिली, आणि गांवच्या निवडलेल्या पंचायतींस न्यायाचा अधिकार दिला. त्याच वर्षीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें भिंती नसलेला तुरुंग सुरू झाला. प्रति सरकारचें ठाणें बनलेलें कुंडल हें याच औंध संस्थानांतलें गांव. राजा ब्राह्मण होता. चांगलें काम केलें तें चांगलेंच म्हटलें पाहिजे.

आतां आमच्या दारापुढचें पाहूं. १९४७ च्या फाळणीच्या कत्तलींतून घरदार, शेतीवाडी गमावून आलेलीं पंजाबी व सिंधी कुटुंबें याच शीव कोळीवाड्याच्या छावणींत उतरलीं. पुढें कोळीवाडा स्टेशनाचें नांव गुरु तेगबहादुर नगर झालें. निर्वासितांच्या दाव्यांसाठीं १९५० सालीं कायदा झाला, आणि पंजाबच्या शेतजमिनींची जमाबंदीची कागदपत्रें दोन्ही देशांनीं एकमेकांस दिलीं, तेव्हां कोणाचें काय गेलें हें पडताळतां आलें. यादवींत घर जळतें, माणूस मरतो. हक्क मात्र नोंदीच्या आधारानें जिवंत राहूं शकतो. उलट, या मातीचे मूळचे कोळी! त्यांची वस्ती शहराहून जुनी. तरीहि ती गांव कीं झोपडपट्टी, असा प्रश्न त्यांस विचारण्यांत आला. २०१२ सालीं पुनर्विकासाच्या भांडणांत येथील कोळ्यांचीं घरें पोलीस बंदोबस्तांत पाडलीं गेलीं आणि आडव्या आलेल्या बायांस अटक झाली. कोळीवाड्यांचें सीमांकन सरकारनें अलीकडच्या वर्षांत हातीं घेतलें. परंतु धोंडा रोवल्यावर मालकास बोलावण्यापेक्षां मालकास बोलावून मग धोंडा रोवणें हा खरा न्याय. आणि परळ-लालबागच्या चाळींतून राहिलेल्या घाटावरच्या व कोंकणच्या मंडळींस आम्ही विचारतों: गिरण्या गेल्या, चाळी चालल्या, गांवच्या उताऱ्यावर तुमचें नांव आहे काय? शेवटचें केव्हां पाहिलेंत?

महाराष्ट्रांत न्यायपंचायती होत्या. त्या १९७५ सालीं कायद्यानेंच रद्द झाल्या. २००७ सालीं तंटामुक्त गांव मोहीम निघाली. हेतु चांगला, परंतु गांवास बक्षीस मिळावें म्हणून तंटा मिटवावयाचा असला कीं दुबळ्यासच गप्प बसविलें जाण्याचा धोका असतो. ग्रामन्यायालयांचा कायदा २००८ चा, अमलांत आला २ ऑक्टोबर २००९ रोजीं. न्यायाधिकाऱ्यानें स्वतः गांवांत जावें, कुरणाचे, पाटाचे, विहिरीच्या पाण्याचे तंटे तेथें ऐकावे, अशी त्यांत सोय आहे. परंतु अशीं न्यायालयें आमच्या राज्यांत मोजकींच निघालीं.

म्हणून आमचें मागणें असें आहे. प्रत्येक तालुक्यास ग्रामन्यायालय हवें, आणि त्यानें शिवारांत, बांधावर उभें राहून साक्ष घ्यावी. त्याच्याबरोबर बसणाऱ्या पंचांत बाई हवी, पूर्वास्पृश्य हवा, आणि ज्याचा त्या जमिनींत कवडीचाहि संबंध आहे तो नको. निकाल कारणांसह सोप्या मराठींत लिहून दोघांच्या हातीं द्यावा, आणि त्यावर अपील असावें. सर्वांत महत्त्वाचें, त्या निकालाची फेरफार नोंद आपोआप व्हावी. ज्या निवाड्यास दप्तरांत जागा नाहीं तो पाण्यावरची रेघ होय. साताऱ्यानें हें रक्त सांडून शिकविलें आहे.

सरकार करील तेव्हां करील. शेतकऱ्यानें व कारागिरानें आजच कांहीं गोष्टी कराव्या. वर्षांतून एकदां सातबारा व फेरफार काढून घरांतल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आंत लेखी हरकत द्यावी. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा पाट कोणी अडविला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आंत दावा द्यावा. पुढें मुदत जाते. गांवांत तडजोड झाली तर ती तोंडी ठेवूं नये. लोकअदालतींत नेऊन तिच्यावर निवाडा घ्यावा, त्यास दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत आहे. एकमेकांच्या जमिनी बारा वर्षांपासून उलट कब्ज्यांत असलेल्यांची अदलाबदल हजार रुपये मुद्रांकांत व हजार रुपये नोंदणींत व्हावी म्हणून सरकारनें २०२३ सालीं सलोखा योजना काढली. तिची मुदत आज किती आहे याची चौकशी तलाठ्याकडे करावी. आमच्या शिक्षकबंधूंसहि एक विनंति. मुलांस दूरदेशींच्या नद्या अवश्य पाठ करवा. पण शाळा सुटण्यापूर्वीं त्यांस बापाच्या शेताचा उतारा वाचावयास शिकवा. ज्या घरांत उतारा वाचतां येतो तेथें सावकाराचा आवाज खालीं येतो.

राज्यें येतात व जातात. दोन राज्यें भांडतात तेव्हां गरीब माणूस झेंड्याचा रंग पाहत नाहीं. माझी गाऱ्हाणी दिवसाढवळ्या, चार लोकांदेखत, पदरास खार न लावतां कोण ऐकतो, हें तो पाहतो. साताऱ्यास तीन वर्षें तें सुख थोडेंबहुत मिळालें, तेंहि बंदुकीच्या छायेंत. शांततेच्या काळांत, आपलेंच राज्य असतां, तें मिळूं नये यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाहीं.